सव्वीस वर्षांची गॅप

छापलेलं एकही अक्षर न वाचता सोडायचं नाही, अशी शपथ घेऊनच जन्माला आलेली बाई अख्ख्या मीरा रोडमध्ये एकच आहे, आणि ती नेमकी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. सगळी बिल्डिंग त्यांना वहिनी म्हणते, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. जिथे आपण न बघता सही ठोकून मोकळे होतो, तिथे वहिनी चष्मा लावून बसतात. कुरिअरवाला दारात ताटकळतो आणि या बाई पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचत असतात. तो बिचारा आता त्यांचं पार्सल आमच्याकडेच टाकून पळतो. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त सहीसाठी वर गेलं की दोन दिवसांनी खाली येतं, तेही लाल शाईने रंगून. एकदा त्यात ‘सर्वानुमते मंजूर’ असं होतं. वहिनींनी समासात लिहिलं, ‘मी तेव्हा जिन्यात होते, मला कुणी विचारलं नाही.’ सेक्रेटरी दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हते. डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा त्यांनी दुकानात परत केल्या होत्या. “आतल्या कागदावर लिहिलंय, याने डोकं दुखू शकतं. मग माझी आहे तीच डोकेदुखी बरी.”

अशा या बाईने यंदा, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, इतिहासात ऑनर्स करायचं काढलं. बारावी आर्ट्स झाली आणि लगेच लग्न होऊन त्या परळहून इकडे आल्या, तेव्हापासून शिक्षण बंद. आता मुलगी नोकरीला लागली, सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. मी म्हटलं, “घरबसल्या बाहेरून परीक्षा द्या की.” तर म्हणाल्या, “मला वर्गात बसायचंय गं.” हे त्या इतक्या हळू बोलल्या की मी थट्टा करायची विसरले.

मग काय, भाईंदरच्या कॉलेजची माहितीपुस्तिका आली. वहिनींनी ती मुखपृष्ठापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचली आणि रोज दुपारी खाली येऊन मलाही पाजली. तीन वर्षांनी बाहेर पडलं तर साधी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, प्रत्येक विषयाला इतके क्रेडिट, हे मला आता झोपेतही सांगता येतं. जोडीला मायनर विषय म्हणून त्यांनी मानसशास्त्र घेतलं. सोसायटीच्या मीटिंगला उपयोगी पडेल म्हणाल्या. फॉर्म द्यायला गेलो त्या दिवशी खिडकीवरच्या क्लार्कला त्यांनी विचारलं, “हजेरी पंचाहत्तर टक्के लागते ना? मग मी रोज आले तर वरचे पंचवीस टक्के पुढच्या वर्षी धरता का?” तो म्हणाला, “मॅडम, आधी प्रवेश तर घ्या. तुमचं गॅप सर्टिफिकेट कुठाय? आज शेवटचा दिवस आहे, पाचला खिडकी बंद होईल.”

मधली वर्षं शिक्षण का सुटलं, याचं ते प्रतिज्ञापत्र. हे एवढं पुस्तिकेत छापलेलंच नव्हतं! धावत रिक्षा पकडून आम्ही स्टेशनजवळच्या नोटरीकडे पोचलो तेव्हा चार वाजले होते. तिथल्या टायपिस्टकडे मजकूर तयारच होता. त्याने नाव आणि साल घालून दोन मिनिटांत कागद काढून दिला. वहिनींनी चष्मा लावला.

“‘सदर कालावधीत मी घरीच होते व काहीही केले नाही,’” त्यांनी मोठ्याने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. “हे खोटं आहे.”

“मॅडम, फॉरमॅट है. सब यही देते हैं,” टायपिस्ट म्हणाला.

मी वैतागले. “वहिनी, करा हो सही. वर्ष जाईल तुमचं. कोण वाचणार आहे ते?”

“मी वाचलंय ना.”

टायपिस्टने हात टेकले. “तो आप बोलो, क्या लिखूँ?”

आणि जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरात चुका काढणाऱ्या वहिनींना स्वतःबद्दल एक ओळ सुचेना. “सासूबाईंना…” म्हणाल्या आणि थांबल्या. “नको, ते नको.” चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. घड्याळात सव्वाचार. मला भयंकर वाईट वाटलं, आणि मगाचा माझाच आवाज आठवून लाजही वाटली. मी टायपिस्टला म्हटलं, “लिहा. घर चालवलं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं नऊ वर्षं केलं. बिल्डिंगमधल्या मुलांना दहावीचा इतिहास शिकवला, माझ्या मुलीलाही. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात प्रवेश घेतला नाही.”

त्याने तसंच टाइप केलं. नोटरी म्हणाले, “कॉलेजला फक्त शेवटची ओळ लागते.” मग वहिनींकडे बघून म्हणाले, “असू दे,” आणि शिक्का पुढे ओढला. वहिनींनी कागद दोनदा वाचला, लाल पेन न काढता सही केली आणि त्यावर शिक्का बसला.

पाचला दहा मिनिटं असताना क्लार्कने तो कागद एक अक्षरही न वाचता फाइलला लावला आणि प्रवेशाची पावती दिली. सुटलो एकदाचे! आम्ही दोघी कॉलेजच्या पायरीवर बसून येड्यासारख्या हसत सुटलो.

आता रोज सकाळी वहिनी पाठीला सॅक लावून निघतात आणि मी गॅलरीतून बघते. खूप बरं वाटतं. मग आत येऊन भाजी चिरायला घेते. माझं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं, त्याला एकवीस वर्षं झाली. माझ्या कागदावर काय लिहायचं ते मला काही सुचत नाही. वहिनींना पटकन सुचेल, पण दुपारच्या त्या आता घरी नसतात.