माश्यांना उवा झाल्या तेव्हा

पालीजवळच्या आमच्या काजूच्या बागेत माझ्या मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. नवरा मुंबईला नोकरीला, घरात मी आणि सासरे. सासरे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सासूबाई गेल्यापासून ते माझ्याशी दोनच विषयांवर बोलायचे: चहा झाला का, आणि चहात साखर का नाही. त्यांना मधुमेह आहे. साखरेचा डबा मी कुलपात ठेवते. या घरात माझी जी काही सत्ता आहे, ती त्या किल्लीपुरतीच.

गेल्या वर्षी पाऊस संपला आणि दोन पेट्या मलूल झाल्या. चुरगळलेल्या पंखांच्या माश्या पेटीसमोरच्या जांभ्या दगडावर चालत फिरायला लागल्या. एक चिमट्यात धरून पाहिली, तर पाठीवर तांबूस, चपटा, मोहरीहून बारीक कोळी चिकटलेला. हा कोळी माशीला शोषून खातो, एवढं मला मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. पुढचं मी विसरले होते.

सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं. "उवा झाल्यात गो. रॉकेल लाव."

"बाबा, माश्या मरतील."

"मग उवा राहतील कुठे? त्याही जातील."



मधपाळांच्या ग्रुपवर विचारलं, तर एकाने कुठल्याशा आम्लाचं नाव कळवलं आणि वर 'डबल डोस द्या' म्हणून अंगठा पाठवला. मी निघालेच होते आणायला. पण आधी दापोलीच्या प्रशिक्षणातल्या मॅडमना फोन केला.

"पेटीत माश्या किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"पोळ्याच्या चार चौकटीसुद्धा भरत नाहीत."

"मग आम्ल अजिबात नको. या उन्हात त्याची वाफ जोरात होईल. राणी मरेल, नाहीतर सगळ्याच पेटी सोडून जातील. पिठीसाखर टाका."

"खायला?"

"अंगावर. कोळ्याचे पाय सटकतात आणि माश्या एकमेकींना साफ करायला लागतात. साखर घरीच दळा, विकतच्या पिठीसाखरेत स्टार्च असतो. आणि नर माश्यांची बंद घरं कापून टाका, कोळी तिथेच जास्त वाढतात."

मिक्सर सुरू झाला तसे सासरे स्वयंपाकघराच्या दारात हजर.

"एवढी साखर कोणाला?"

"माश्यांना."

"माश्यांना साखर आणि मला कारल्याचा रस," असं म्हणून त्यांनी कधी नव्हे ती कामाची तयारी दाखवली. चहाच्या गाळणीतून साखर चाळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी मऊ ब्रशने ती चौकटींच्या फटीतून खाली सारत होते. माश्या बेकरीत कामाला लागल्यासारख्या पांढऱ्याफटक होऊन बाहेर आल्या. तळाशी खोबरेल लावलेला पुठ्ठा ठेवला होता, त्यावर कोळी पडायला लागले. प्रत्येक कोळ्याला सासरे "हाही मेला!" म्हणत होते.

मग मी सुरीने नरांची घरं कापायला घेतली.

"पुरुषांनी काय केलंनी?"

"काहीच करत नाहीत, बाबा."

ते इतके हसले की गाळणी हातातून पडली. सासूबाई गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा दोष मी जाळीच्या टोपीवर ढकलला.

दर आठवड्याला हा उपचार चालला. साखर मात्र माश्यांच्या मानाने फारच लवकर संपत होती.

"बाबा, मिशीला काय लागलंय?"

"वाऱ्याने उडाली."

झाडाचं पान हलत नव्हतं. मी घरातलं शुगरचं मशीन आणून त्यांच्या बोटाला टोचलं. आलेला आकडा बघून ते म्हणाले, मशीन बिघडलंय. त्या दिवसापासून गाळणी माझ्याकडे आणि ब्रश त्यांच्याकडे.

हळूहळू पुठ्ठ्यावरचे कोळी कमी झाले. एका पेटीत नवी, धड पंखांची पोरं दिसू लागली. दुसरीत राणीच सापडेना. मॅडम म्हणाल्या, एकीवर दुसरी पेटी ठेवा, मध्ये वर्तमानपत्र घाला. ते कुरतडेपर्यंत वास मिसळतो आणि मारामारी होत नाही.

"आजचा पेपर नाय हां," सासरे म्हणाले. "राशिभविष्याचं पान घे. तेवढंच कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

दोन-तीन दिवसांत पेटीच्या दारात कागदाचा भुगा आला. एकही मेलेली माशी नव्हती. काजूला मोहोर आला तेव्हा त्या पेटीच्या माश्या बाकीच्यांच्या बरोबरीने झाडावर होत्या. मध मात्र त्या पेटीतून आम्ही काढला नाही, त्यांचा त्यांना ठेवला.

शिमग्याला नवरा आला. सासरे त्याला हाताला धरून पेट्यांपाशी घेऊन गेले आणि कोळ्याची सगळी कुंडली सांगत बसले. तेवढ्यात एक माशी नवऱ्याच्या कानाला डसली. तो ओरडत घराकडे पळाला. सासरे तिथेच वाकून गवतात शोधत राहिले.

"काय हरवलं, बाबा?"

"माशी गो. डसली की मरते ना ती. चांगली सुधारली होती बिचारी."