आधी नदी खणायची

हालिना गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीचं ऑइल बदलायला गेले होते आणि तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ऑफिसच्या मेलना उत्तरं देत होते. अनोळखी नंबर दोनदा आला, दोनदा मी कट केला. इथे अमेरिकेत अनोळखी नंबर म्हणजे कुणीतरी काहीतरी विकत असतं. तिसऱ्यांदा घेतला. पलीकडे हॉस्पिटलमधली नर्स. "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, शेजारीण. "इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून तुमचंच नाव आहे." हे मला न विचारताच, अर्थात! खरं सांगते, पहिल्या क्षणी मला दुःख झालं नाही, वैताग आला. गुरुवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि ती अपॉइंटमेंट तिच्याच धांदरटपणामुळे वारंवार पुढे ढकलली गेली होती. माझ्या फोनमधल्या यादीत 'हालिना – डोळे' असं लिहिलं होतं. मी त्या दोन शब्दांकडे बघत बसले... शेवटी मेकॅनिक येऊन म्हणाला, मॅडम, गाडी कधीची तयार आहे.

मिशिगनमधल्या ट्रॉयला आमचे ड्राइव्हवे शेजारी-शेजारी. ती युक्रेनची. नवरा इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता, तो आम्ही राहायला येण्याआधीच गेला. मूलबाळ नाही. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी करून ती निवृत्त झाली होती. लोकांच्या अपॉइंटमेंटा सांभाळण्यात जिने आयुष्य काढलं, तिला स्वतःला वेळ नावाची गोष्ट मान्य नव्हती. वयाने ती माझ्या आईएवढी, म्हणजे मराठीत 'त्या' म्हणायला हवं. पण इतकी वर्षं इंग्रजीत भांडल्यावर आता अहो-जाहो जमत नाही. मागच्या दाराने न विचारता आत यायची. माझा ब्रेड दाबून बघायची आणि म्हणायची, "हा स्पंज कशाला खाता?" बर्फ काढताना आपला बर्फ आमच्या बाजूला ढकलायची. मी बोलले तर म्हणायची, "तुझा नवरा तरुण आहे. त्याला व्यायाम होईल." मी किराण्यापासून इन्शुरन्सपर्यंत सगळ्याच्या याद्या करणारी बाई. माझ्या प्रत्येक यादीत ती अशी मागच्या दाराने शिरलेली असे.

आणि कुठलाही विषय काढा, गाडी तिच्या गावावर यायची. काम्यानेत्स-पोदिल्स्की. हे नाव मला धड म्हणता यायला वर्ष गेलं, आणि तोवर ती दर वेळी दुरुस्त करत राहिली; स्वतः मात्र माधुरीचं 'मादुरी'च करायची. गाव पश्चिम युक्रेनमधलं. स्मोत्रिच नावाची नदी गावाभोवती जवळजवळ पूर्ण वळसा घालते, तोही साध्या काठांनी नाही, खोल दरीतून. म्हणजे जुनं गाव एका खडकावर, बेटासारखं. नदीचा वळसा जिथे पुरा व्हायचा राहतो तिथे जमिनीची एक अरुंद मान, तिच्यावर पूल, आणि पुलापलीकडे किल्ला. गाव किल्ल्याच्या पोटात नाही, किल्ला गावाच्या दारात राखणीला बसलेला. आत आर्मेनियन, पोलिश, युक्रेनियन अशा वस्त्या, प्रत्येकाचा कारभार वेगळा. मग तुर्क आले, किल्ला घेतला, मोठ्या चर्चला खेटून मिनार बांधला. काही वर्षांनी गेले, पण मिनार पाडायचा नाही अशी अट घालून गेले. मग गावकऱ्यांनी तो पाडला नाही, त्याच्या टोकावर मेरीची मूर्ती उभी केली. अजून आहे. "आम्ही फार प्रॅक्टिकल लोक," हालिना हे सांगून झाल्यावर म्हणायची. दोन वाजताच्या डॉक्टरसाठी अडीच वाजता बूट शोधणारी बाई हे मला सांगायची!

आमची ईरा तिसरीत असताना तिने पहिल्यांदा दिवाळीचा किल्ला करायला घेतला. आमच्या मंडळाची किल्ला स्पर्धा मीच चालवते आणि नियमही माझेच. किल्ला फळीवर करायचा, फळी व्हॅनच्या मागच्या भागात बसली पाहिजे, कारण तो शाळेच्या हॉलपर्यंत न्यायचा असतो. ऑक्टोबरात इथे दव गोठायला लागतं, म्हणून माती बागकामाच्या दुकानातली, मोहरी बेसमेंटमध्ये दिव्याखाली उगवून वर आणायची, मावळे पुण्याहून सॅंडलमध्ये कोंबून आणलेले. हे सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात हालिना गराजमध्ये आली.

"हे काय?"

"किल्ला. आमच्याकडे दिवाळीत मुलं करतात."

तिने हात मागे बांधून फळीभोवती एक फेरी मारली. "सगळे सैनिकच. यांना पाव कोण भाजून देतं?"

"दे ईट भाकरी, हालिना आजी," ईरा म्हणाली.

"मग भाकरी कोण भाजतं? दाखव मला ती बाई. आणि नदी कुठाय? तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात केलीत. किल्ला असा वर रचत नाहीत. आधी नदी खणायची. मग जे उरतं, तो किल्ला."

मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर हालिना आपल्या स्वयंपाकघरातली पाव कापायची करवतीच्या दातांची सुरी घेऊन गराजमध्ये गुडघ्यांवर बसलेली. आमच्या रायगडाभोवती तिने गोल दरी कापून काढली होती, मोहरीसकट. ईरा कोपरापर्यंत चिखलात, चेहरा असा खुललेला की बास. मी ओरडले, "परवा स्पर्धा आहे, हालिना!"

"पुष्कळ वेळ आहे," ती म्हणाली. "तुर्कांना जास्त लागला होता."

स्पर्धेला परीक्षक देशमुखकाका, मूळचे साताऱ्याचे, गड पाठ असलेले. ते त्या फळीपाशी बराच वेळ उभे राहिले. "कुठला गं हा, ईरा?" ईराने न अडखळता काम्यानेत्स-पोदिल्स्की म्हणून दाखवलं. "बरं. आणि महाराज इथे पुलावर का? वर हवेत ना?"

"ही इज व्हिजिटिंग, काका."

पुलाच्या टोकाला, महाराजांसमोर, मातीची एक बाई उभी होती, आणि तिच्यापुढे बाटलीच्या झाकणात पावाचा खरा तुकडा आणि चिमूटभर मीठ. हालिना मागून म्हणाली, "राजा बाहेरून आलाय. आमच्याकडे पाहुण्याला दारात पाव आणि मीठ देतात. तुम्ही नाही देत?" देशमुखकाकांनी मला बाजूला घेतलं. "अगं माधुरी, याला कुठल्या गटात बसवू?" त्या दिवशी मला 'इतर किल्ले' असा नवीन गट करावा लागला. त्यात दर वर्षी एकच किल्ला असे आणि दर वर्षी त्याचा पहिला नंबर येई. त्या सगळ्या ट्रॉफ्या हालिनाच्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून. पावाच्या तुकड्यासाठी आमच्या गराजमध्ये खारी यायला लागल्या, त्यांनी एकदा व्हॅनचा सीटबेल्ट कुरतडला, ते वेगळंच.

मग युद्ध सुरू झालं. हालिनाची धाकटी बहीण नादिया अजून जुन्या गावात राहते. ती किल्ल्यावर गाइड होती, तेवढ्यापुरतं इंग्रजी तिला येतं, आणि ते ती गाइडसारखंच बोलते. दर रविवारी सकाळी हालिना टॅब्लेट घेऊन माझ्या ओट्यापाशी बसायची, कारण तिचं इंटरनेट चालत नसे; चालत नसे कारण ती बिल वाचत नसे. नादिया फोन खिडकीबाहेर धरायची आणि म्हणायची, "तुमच्या डावीकडे आपण पूल पाहत आहात." पूल जागेवर होता. उन्हाळ्यात दरीवरून माणसं नेणारे गरम हवेचे मोठे रंगीत फुगे उडायचे, ते आता उडत नव्हते. भोंगे वाजायचे, वीज जायची, आणि पूर्वेकडून घरदार सोडून आलेली माणसं गावात दाटीने राहत होती. नादियाच्या दोन खोल्यांपैकी एकीत अशीच एक आई आणि तिच्या दोन मुली.

हालिनाला एकच गोष्ट हवी होती. नादिया इथे यायला हवी. बाकी काही नको. हे काम माझ्याकडे आलं, म्हणजे मी ते ओढून घेतलं, कारण हालिनावर सोडलं असतं तर अजून पेन सापडलं नसतं. अर्ज, स्पॉन्सरचे कागद, पोलंडपर्यंतची बस, तिथून डेट्रॉइटचं विमान. सगळं जुळलं. मी हालिनाच्या पाहुण्यांच्या खोलीतले कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून घेतले, यासाठी झालेलं भांडण वेगळं सांगायला नको. आणि त्या रविवारी नादिया म्हणाली, मी येत नाही.

त्यानंतर त्या दोघी जे भांडल्या! एक शब्द कळत नव्हता, पण बहिणींचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. हालिनाने ओट्यावर हात आपटला. रडली. मग नाक पुसून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तिचं बरोबर आहे."

"बरोबर आहे?" माझा आवाज चढला. "मग हे सगळं मी कुणासाठी केलं?"

"ती म्हणते, मी गेले तर या मुलींना वाटेल हे घरही सुटलं. मला नीट विचारायचं होतं, मादुरी. तिकीट, खोली, कपाट, सगळं पुढे ठेवून. अर्धवट विचारलं असतं तर तिचं 'नाही'ही अर्धवट राहिलं असतं."

मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. ती रोज मागच्या दाराने येत होतीच.

त्यानंतर ती म्हणायला लागली, मीच जाते. डॉक्टर नाही म्हणाले, मी नाही म्हटलं, विमानं तिथे उतरत नाहीत हेही सांगून झालं. "तू यादी कर," ती म्हणाली. "मग बघू." मी चिडचिडत केली. औषधं, चष्मा... म्हणून ती डोळ्यांची अपॉइंटमेंट. तिला बहीण नीट दिसायला हवी होती.

ती गेल्याचं नादियाला मीच सांगितलं. मग तिने आपला गाइडचा आवाज काढला, जरा कापरा, आणि म्हणाली, "आपण लक्षपूर्वक ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे." सहल संपल्यावर म्हणायचं ते वाक्य. निरोपाचं इंग्रजी तिला तेवढंच येत होतं.

वाटलं, आता रविवारचे फोन थांबतील. नाही थांबले. नादिया मला फोन करते, वेळेवर कधीच नाही. आता दिवाळी आली आहे. ईराने जाहीर केलं, "आई, आय हॅव एक्झाम्स, या वर्षी किल्ला कॅन्सल कर ना." मी 'इतर किल्ले' हा गट नियमांतून काढायला बसले, आणि काढला नाही. पिशवीभर माती आणली. हालिनाचं घर आवरताना मी नादियाकडून एकच वस्तू मागून घेतली होती, ती पाव कापायची सुरी. मातीत घालून-घालून तिची धार पार गेली आहे, पाव तिने कापला जात नाही. इतक्या वर्षांत मी किल्ल्याच्या मातीला हात लावला नव्हता. लहानपणच्या सवयीने आधी डोंगर रचला, मग तो बाजूला सारला आणि आधी नदी खणली.

काल रविवार. नादियाला फोन फळीभोवती फिरवून दाखवला. पूल, चर्च, मिनार, टोकावरची मेरी. ती फोन अगदी जवळ धरून बघत होती, मागे त्या दोन्ही मुली डोकावत होत्या. मला वाटलं, रडणार आता.

"पुलाची जागा चुकली आहे," नादिया म्हणाली. "आणि पाव कुठे आहे?"

मी तिला सांगितलं, पावाने खारी येतात, सीटबेल्ट कुरतडतात, आमचं नुकसान होतं. तिने ऐकून घेतलं. मग पुन्हा विचारलं, पाव कुठे आहे?

फोन ठेवून मी बाटलीचं झाकण शोधलं.