औक्षणाची टाकी

बोलायला श्वास लागतो, लिहायला लागत नाही, म्हणून हल्ली मी लिहितो. बायकोचं म्हणणं असं की जन्मभर बोलून झालंय, आता जरा तिला बोलू द्यावं. कलबुर्गीच्या डाळमिलमध्ये मी तीस वर्षं मशिनवर काम केलं. तूर भरडताना फोलपटाचा जो धुरळा उडतो तो कुठं जातो, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. तोंडाला रुमाल बांधून येणाऱ्याला आम्ही नवरी म्हणायचो. मीच सगळ्यात जास्त म्हणायचो. पुढं डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला तेव्हा कळलं, धुरळा कुठंही गेला नव्हता.

गेली तीन वर्षं नाकात नळी आहे. घरात विजेवरचं मशीन आहे, ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देतं. बाहेर जाताना त्याचंच लहान भावंड खांद्याला, आणि वीज दगा देईल म्हणून सोबत एक छोटी टाकी. काटा दोनवर ठेवायचा. पाहुणे येतात, माझी धाप बघतात आणि म्हणतात, "वाढवा की जरा, दोननं काय हुतंय?" आमच्या भागात वाढताना हात आखडायचा नसतो, हे मान्य. पण माझ्या फुप्फुसांना जास्त सोसत नाही. जास्त झालं की गुंगी येते, आणि डॉक्टर म्हणाले, त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही. म्हणून बायको त्या काट्याजवळ कुणाला फिरकू देत नाही.

माझी अक्का औरादजवळ चिंताकीला असते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई रानात जायची तेव्हा मला कडेवर घेऊन फिरली ती हीच. तिनं पहिल्यांदा फोनवर विचारलं, "तुझी औक्षणाची टाकी कशी हाय रं?" मी इतका हसलो की खोकल्याची उबळ आली आणि बायकोनं फोन काढून घेतला. नंतर मी अक्काला समजावलं, ते औक्षण नव्हे, ऑक्सिजन.

"त्येच म्हणायले की मी," ती म्हणाली. "औक्षण. आयुष्य वाढावं म्हून करतेत ते."

मी दुरुस्ती सोडून दिली. घरात आम्हीही औक्षणाची टाकीच म्हणू लागलो.

दोन वर्षं मी भाऊबीजेला जाऊ शकलो नव्हतो. एकदा दवाखान्यात होतो, एकदा तिथून नुकताच आलो होतो. अक्काचे गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, तिला येणं शक्य नव्हतं. दोन्ही वर्षी तिनं चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, अशी रीत आहे. माझ्या बायकोला भाऊ नाही. ती लग्न झाल्यापासून दरवर्षी ताट घेऊन गच्चीवर जाते, आणि मी तिला चिडवतो की तुझा भाऊ गोरा आहे पण महिन्यातून एकदा बेपत्ता होतो. पण अक्कानं चंद्राला ओवाळलं हे ऐकून मला हसू आलं नाही. मी जिवंत होतो, आणि मी नसल्यावर करायचं ते तिनं करून ठेवलं होतं.

म्हणून यंदा मी हट्टाला पेटलो. मला अक्काच्या हातचं ओवाळून घ्यायचं होतं, आणि मनातून वाटत होतं की हे शेवटचं. असलं काही उघड बोलायचं नसतं, पण वाटत होतं ते वाटत होतं. मुलानं सुट्टी काढली. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हो म्हणाले. टाकी भरून देणाऱ्या माणसानं मात्र मला खुर्चीत बसवून बजावलं. "अप्पा, बीडी, काडी, चूल, दिवा, काही जवळ येऊ देऊ नका. बंद केली तरी लगेच नाही. कपड्यात, मिशीत भरून राहतं ते. दहा मिनिटं जाऊ द्या." मग माझ्या मिशीकडं बघून म्हणाला, "ही काढली तर बरं." मी त्याला सांगितलं की टाकी तुझी, मिशी माझी.

हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर अक्काचं ताट होतं आणि ताटातलं निरांजन. मी हिशेब केला: दहा मिनिटं बंद, मग ओवाळणं, मग चालू. पंधरा मिनिटं काढायची. बायकोला मी हे सांगितलं नाही.

निघालो सकाळी दहाला. आई सांगायची, या दिवशी यम आपल्या बहिणीकडं जेवायला जातो. म्हणजे आज तो सुट्टीवर, रस्त्यात भेटायचा नाही, असं मी गाडीत बसताना म्हणालो. कुणी हसलं नाही. हुमनाबाद गेलं तेव्हा माझ्या मनात आलं, तोही आज बहिणीकडं निघालाय, मीही निघालोय, त्याचा रस्ता हाच असला तर?

सोयाबीन निघून गेलं होतं आणि लोकांनी रानात काड पेटवलं होतं. बिदर सोडल्यावर धूर रस्त्यावर उतरून बसला होता. मुलानं काचा लावून घेतल्या तरी वास आत आला. बोटाला लावायच्या चिमट्यावर रक्तातला ऑक्सिजन एरवी ब्याण्णव दिसतो, तो अठ्ठ्याऐंशी झाला. बायको आकडा बघायची आणि चिमटा माझ्या बोटावर पुन्हा नीट बसवायची, चूक चिमट्याचीच असल्यासारखी.

जनवाड्याला चहासाठी थांबलो. मी गाडीतच बसलो होतो. काच खाली होती आणि मशीन मांडीवर फुस्स फुस्स करत होतं. एक म्हातारे गृहस्थ अगदी आपुलकीनं खिडकीवर वाकले. "चच्चा, नाक में नल्ली काइकू?" बोटांत पेटलेली बीडी, माझ्या नळीपासून वीतभर. मी ओरडायला तोंड उघडलं आणि श्वासच पुरेना. घशातून नुसता आवाज निघाला. बायकोनं पलीकडून हात घालून त्यांचं मनगट बाहेर ढकललं. त्यांनी बीडी पायाखाली चिरडली, दहा वेळा माफी मागितली आणि चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. ठिणगी पडली नाही. पण पुढं औरादपर्यंत मला स्वतःचाच राग येत होता, कारण मी मुद्दाम, ठरवून, दिव्यासमोर बसायला निघालो होतो.

चिंताकीत पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि वीज सकाळपासून गेलेली होती. भाचा बायकोला घेऊन तिच्या भावाकडं गेला होता, घरात अक्का एकटीच. मशीन दमलं होतं, ते मुलानं गाडीवर चार्ज करायला ठेवलं आणि मला टाकीवर घेतलं. अक्कानं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. नळीशी आली तेव्हा तिची बोटं थांबली, मग नळीवरूनच पुढं कानापर्यंत गेली.

"वाळलास रं," ती म्हणाली. मग टाकीला हात लावून, "ही व्हय? लई गार हाय."

दिवेलागणीला ओवाळायचं ठरलं. सूर्य बुडायला आला तसा मी पाटावर जाऊन बसलो आणि टाकीची चावी फिरवून बंद केली. फुस्स थांबलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"बंद कामून केलाव?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो. नळी काढून तिच्या हातात दिली. "दिवा यायचाय."

तिला क्षणात सगळं कळलं. मला शिव्या द्यायच्या की टाकी चालू करायची, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलगा म्हणाला, "अप्पा, वेड लागलंय का?" मी हात वर केला. बोलून श्वास घालवायचा नव्हता. दोघंही मला ओळखून आहेत. अडवलं असतं तर मी भांडलो असतो आणि भांडणाला जास्त हवा लागते. बायको चिमटा माझ्या बोटाला लावून समोर बसली आणि आकडे मोठ्यानं वाचू लागली.

अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. पहिली दोन मिनिटं काही नाही, नुसतं खांदे वर ओढल्यासारखे. मग बरगड्यांच्या आत कुणीतरी दार लावून घेतं. त्र्याऐंशी. कानात डाळमिल सुरू झाली. मला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, आणि चार मिनिटं झाली होती. फक्त चार.

तेवढ्यात अक्का ताट घेऊन आली.

तिला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तिघं आकड्याकडं बघत बसलो होतो. ती भिंतीला हात लावत, पावलं मोजत आली, आणि ताटातला दिवा एवढा मोठा होता की तिच्या हनुवटीपर्यंत उजेड येत होता. निरांजन नव्हतंच ते, पणती होती, काठोकाठ तूप, आणि करंगळीएवढी वात.

"तुझ्या टाकीत वारं असतंय," ती कौतुकानं सांगायला लागली. "वाऱ्यानं दिवा विझल, आज दिवा विझलेला चांगला न्हाई. म्हून मी वात जाड केलेय. तीन वातींची एक."

ती माझ्या तोंडासमोर वाकणार तोच बायको मधी उभी राहिली. दोन्ही हात पसरून, ताटाच्या आणि माझ्या मधी.

"अक्का, माघारी सरा."

"कामून?"

"त्यानं दिवा विझत न्हाई, अक्का. भडकतोय. त्यांच्या मिशीत हाय ते, अंगरख्यात हाय. तोंड जळल."

अक्का जागच्या जागी थांबली. "औक्षणानं जळतंय?"

"व्हय."

मी म्हणालो, "ओवाळ. सहा मिनिटं थांब आणि ओवाळ." निदान मला वाटलं की मी म्हणालो. बायको नंतर म्हणाली, तुम्ही फक्त 'सहा' म्हणालात. अक्काला नीट दिसत नाही, पण ऐकायला येतं. तिनं मान तिरकी करून माझा श्वास ऐकला. लहानपणी मला ताप आला की ती अशीच माझ्या छातीशी कान आणायची. पणतीचा उजेड तिच्या पांढुरक्या डोळ्यांत हलत होता.

"आकडा किती हाय म्हणायलीस?" तिनं बायकोला विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"चालू कर त्याची टाकी."

"ओवाळ आधी," मी म्हणालो. या खेपेला ते ऐकू गेलं.

ती दिवा सांभाळत, एकेक पाऊल मागं टाकत उंबऱ्यापर्यंत गेली, मग वळून अंगणात उतरली. मुलानं चावी फिरवली, काटा दोनवर. बायकोनं नळी माझ्या नाकात घातली आणि चिमट्याकडं बघत राहिली. आकडा चढायला वेळ लागतो. मी उघड्या दारातून बघत होतो.

अंगणाच्या पश्चिमेला, तुरीच्या रानावर, बीजेची कोर होती. बारीक, लगेच मावळणारी. अक्कानं पदर डोक्यावर घेतला. अगोदर सुपारी आणि अंगठी ओवाळली, नेहमीसारखी, मग ताट उचललं. जाड वातीचा दिवा वाऱ्यात जराही हलला नाही. माझ्या बायकोनं चिमटा मुलाच्या हाती दिला, उठली आणि जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. तिला तर सवयच होती. दोघींनी ताटाला हात लावला आणि दोघींनी मिळून चंद्राला ओवाळलं. मी दहा हातांवर पाटावर बसलो होतो, कपाळ कोरं, मांडीवर अक्कासाठी आणलेलं लुगडं. मला भयंकर भीती वाटली. जनवाड्याला वाटली नव्हती एवढी.

अक्कानं दिवा तुळशीपाशी ठेवला आणि रिकामं ताट घेऊन आत आली. माझ्या कपाळाला चाचपून कुंकू लावलं, अक्षता लावल्या. मी लुगडं ताटात ठेवलं. आकडा ब्याऐंशीवर आला होता, चार शब्द बोलता येत होते.

"मी हितं बसलेला," मी म्हणालो, "आन तू चंद्राला कामून ओवाळलीस?"

"सवय करून घ्यायलेय," अक्का म्हणाली, आणि माझ्या हातावर लाडू ठेवला.