चालत वाजवणारे मास्तर

मास्तरांना उभं राहून क्लॅरिनेट वाजवता येत नसे, बसून तर मुळीच नाही. उभा जन्म वरातींपुढे चालत वाजवण्यात गेलेला. पाय थांबले की त्यांची फुंकही थांबायची. मोताळ्यातल्या त्यांच्या घरामागे लांबट अंगण होतं. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला कडुलिंब. लग्नसराई संपली की रोज दुपारी चारच्या सुमारास ते अंगणात उतरत आणि टाकीपासून लिंबापर्यंत, लिंबापासून टाकीपर्यंत वाजवत फिरत. पावसाळ्यात सगळ्या अंगणात गवत माजे, पण तेवढ्या पट्ट्यात एक काडीही उगवत नसे.

त्या अंगणाला लागूनच त्यांची एक खोली होती. कृषी सहायक म्हणून माझी पहिली नेमणूक मोताळा तालुक्यात झाली, तेव्हा मी जानेफळहून आले आणि त्या खोलीत भाड्यानं राहू लागले. मी गोष्टी लिहीत असे. दोन छापूनही आल्या होत्या, एवढ्यावर मी स्वतःला लेखिका समजत होते. संगीताशिवाय मला लिहिता येत नसे. कानात हेडफोन घालायचे, मोबाइलवर सतार किंवा सारंगी लावायची, वही उघडायची, असा माझा थाट होता. मास्तरांचा क्लॅरिनेट त्या सारंगीत घुसायचा आणि माझं डोकं उठायचं. पहिला महिनाभर मी चार वाजले की खिडकी लावून घेत होते.

एके दिवशी कपाशीवरची बोंडअळी बघत चार गावं हिंडून आले, तर मोबाइल बंद पडलेला आणि लाइट गेलेली. उकाड्यानं खिडकी उघडावीच लागली. वही समोर होती. चुकीच्या गावी एसटीतून उतरलेल्या एका बाईची गोष्ट तीन महिन्यांपासून अडली होती. ती बाई स्टँडवर उभी होती आणि तिचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. बाहेर मास्तर वाजवत होते. आवाज लिंबाकडे निघाला तशी ती बाई स्टँडवरून निघाली. आवाज वळून जवळ येऊ लागला आणि कुणीतरी तिच्या मागून येतंय, असं मी लिहिलं. त्या दिवशी सात पानं झाली. नंतर वही पाहिली तर अक्षर कुठे मोठं, कुठे बारीक झालेलं. मास्तर टाकीजवळ होते की लिंबाखाली, हे त्या अक्षरावरून सांगता आलं असतं. हेडफोन मी तेव्हापासून घातले नाहीत.

काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, मी त्यांच्या वाजवण्यावर लिहिते हे त्यांना सांगितलं. ते खिडकीशी आले. माझ्या वाजवण्यावर तू काय लिहितेस ते वाचून दाखव म्हणाले. मी वाचू लागले आणि ते नेहमीप्रमाणे फेऱ्या मारत ऐकू लागले. दूर गेले की मी आवाज चढवायचा. एसटीतली बाई त्यांना आवडली. मग हुरूप येऊन मी आधीच्या दोन्ही गोष्टी वाचल्या. त्या ऐकून ते पुन्हा लिंबापर्यंत जाऊन आले. शेवटी म्हणाले, "तुह्या गोष्टीतले लोक लय बसून राह्यतात माय. बसून बसून इचार करतात. उठव त्याहीले."

मला राग आला. बँडमधल्या माणसाला साहित्यातलं काय कळतं, असंही मनात आलं. ते कबूल केलेलं बरं. पण संध्याकाळी जुन्या वह्या काढून पाहिल्या. माझी सगळी माणसं खिडकीत बसलेली, ओट्यावर बसलेली, नाहीतर खाटेवर पडून छताकडे बघणारी. मी एकेकाला उठवायला घेतलं. उठलेलं माणूस कुठेतरी जातं, आणि गेलं की त्याला काहीतरी भेटतंच, एवढं साधं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांच्या अंगात विसावा असा नव्हताच. चहा अर्धा पिऊन उठायचे. ताटातली शेवटची चतकोर पोळी तशीच राहायची आणि काकू ती रोज गाईसाठी उचलून ठेवायच्या. काही काम नसताना दिवसातून तीनदा स्टँडवर जाऊन यायचे. मलकापूरची गाडी आली का, बुलढाण्याची गेली का, याची त्यांना खबर हवी असे, जायचं मात्र कुठेच नसे. गाणंही पुरं वाजवत नसत. वरातीत कोणीतरी मधूनच दुसऱ्या गाण्याची फर्माईश करतं, त्यामुळे शेकडो गाण्यांची तोंडं त्यांना पाठ होती आणि शेवट कुणाचाच नाही. एकदा मी म्हणाले, मास्तर, घटकाभर तरी निवांत बसा ना. ते म्हणाले, "वरात एक डाव अंगात शिरली का मंग निंघत नाई."

एक चाल मात्र वेगळी होती. कधीमधी, दिवेलागणीला, ते ती वाजवत. संथ, वर वर चढत जाणारी. एका ठिकाणी येऊन ती तुटायची, दर वेळी तिथंच. मग मास्तर क्लॅरिनेटच्या मुखाशी बसवलेली वेताची पत्ती काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत आणि कुणाकडे न बघता घरात जात. काकूंना मी त्याबद्दल विचारलं तर त्यांनी नळाच्या पाण्याचा विषय काढला. मास्तरांना मी विचारलं नाही. संकोच वाटला, असं तेव्हा मी स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. माहीत नव्हतं तोवर ती चाल माझी होती, तिचं मला हवं ते करता येत होतं.

आणि मी केलं. दहा-बारा संध्याकाळी बसून एक गोष्ट लिहिली. बँडमधला एक क्लॅरिनेटवाला. मुलीच्या लग्नाच्या दिवशी तिची पाठवणी बघवणार नाही म्हणून घरातून वाद्य घेऊन पळून जातो आणि दुसऱ्या गावी परक्या मुलीच्या पाठवणीत वाजवत राहतो. गावाचं नाव मी घातलं नव्हतं. पण अंगण होतं, टाकी होती, लिंब होता, सदऱ्याला पत्ती पुसणंही होतं. तोवर लिहिलेल्यांत ती सगळ्यात चांगली गोष्ट होती. दिवाळी अंकात ती छापून आली. मी पेढे आणि अंक घेऊन मास्तरांकडे गेले. ही तुमच्यामुळे झाली, असं सांगून अंक त्यांच्या हातात दिला. किती आनंदानं दिला, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

काकूंनी त्यांना ती वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि अंगणात काही वाजलं नाही. थंडीनं घसा धरला असेल, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानं काकू खोलीत आल्या. अंक वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आणला होता. तो खाटेवर ठेवून म्हणाल्या, "आमच्या सुनंदानंही वाचली. कोनीतरी पानांचे फोटो धाडले तिले." आणि वळून गेल्या.

सुनंदा ही त्यांची एकुलती मुलगी, पिंपळगाव राजाला दिलेली. ती वर्षातून एकदा येई आणि मुक्काम न करता परत जाई, एवढंच मला माहीत होतं. ते तसं का, याचाही मी कधी विचार केला नव्हता.

पुढचे दिवस वाईट गेले. वहीवर एक ओळ उतरेना. मोबाइलवर पुन्हा सारंगी लावून पाहिली, तबला लावून पाहिला. खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारू लागले. ड्युटीवर शेतकऱ्यांशी फवारणीबद्दल बोलता बोलता मध्येच थांबायचे. चार वाजायच्या आत घरी यायला नको म्हणून उगाच लांबच्या गावांना जायचे. मास्तर समोर आले तर मान हलवून पुढे जात. रागावलेले दिसत नव्हते, तेच जास्त सोसवत नव्हतं.

एका रविवारी सुनंदाताई आल्या. आधी आईवडिलांकडे न जाता सरळ माझ्या दारात. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, चेहरा हुबेहूब मास्तरांचा. मी आत या म्हणाले, त्या आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "माहे बाबा पळाले नव्हते मॅडम. ते तथीच होते."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लग्नात मास्तरांनी दुसऱ्या कुणाला क्लॅरिनेट धरू दिला नाही. पाठवणीच्या वेळी ते आपल्या बँडच्या पुढे उभे राहून तीच संथ, चढत जाणारी चाल वाजवत होते. हो, त्या दिवशी ते उभे होते. सुनंदाताई सगळ्यांच्या गळ्यात पडून शेवटी त्यांच्यापुढे आल्या. मास्तरांनी डोळे मिटलेले. ते वाजवतच राहिले. त्या थांबल्या, पुन्हा थांबल्या. शेवटी सासरच्या माणसांनी गाडीत बसायला सांगितलं आणि त्या बसल्या. बापाला लेकीपेक्षा वाजवणं मोठं, हे त्या दिवशी मनात बसलं ते चौदा वर्षं निघालं नव्हतं. पण पळपुटा? तसं कुणी छापावं हे त्यांना सहन झालं नाही.

तेवढ्यात टाकीजवळ मास्तर दिसले. कधी येऊन उभे राहिले होते, कळलं नाही. ते माझ्याकडे नाही, लेकीकडे बघत होते. म्हणाले, "तोंडातून काढलं असतं त रडलो असतो. सारा गाव पाहून राह्यला होता."

"मंग रडाचं होतं ना बाबा," सुनंदाताई म्हणाल्या.

मास्तर टाकीच्या कठड्यावर बसले. इतक्या दिवसांत अंगणात मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहत होते. सुनंदाताई त्यांच्याजवळ गेल्या. आपण इथं नसावं असं मला वाटत होतं, पण जायचं तर त्यांच्या समोरूनच जावं लागणार होतं. शेवटी मी हात जोडून मास्तरांची माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "एवढी ऐकत होती त मले एक डाव इचारलं काऊन नाई?"



सुनंदाताई त्या दिवशी मुक्कामाला राहिल्या. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी येऊ लागल्या. तुझ्या गोष्टीनंच लेक परत आली, असं काकू एकदा म्हणाल्या. त्यांचं मन मोठं. मला ते श्रेय घेता येत नाही. माझ्या हातून झालेल्या चुकीतून त्या तिघांनी आपलं काहीतरी नीट करून घेतलं, इतकंच.

मास्तर पुन्हा वाजवू लागले, पण चार वाजता नाही. कधी सकाळी, कधी मी कामावर असताना. कानावर पडलं तर मी ऐकायची, पण वही उघडण्याआधी बाहेर जाऊन विचारायची: ही चाल कुठली, कुणाच्या वरातीतली, तेव्हा काय झालं होतं? आधी ते तुटक सांगत. मग सांगता सांगता फेऱ्या सुरू व्हायच्या आणि मीही बरोबर चालायची. त्यातून तीन गोष्टी झाल्या. तिन्ही छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवल्या. एका गोष्टीतलं घोड्याचं वर्णन त्यांनी दोनदा बदलायला लावलं.

मग त्यांचे पुढचे दात गेले. कवळी बसवली, पण फुंक बाजूनं निसटायची आणि सूर फाटायचा. महिनाभर झगडून त्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवला. त्यानंतर ते घरात नुसते येरझाऱ्या घालत आणि काकूंना ते बघवेना. सुनंदाताई दोघांना पिंपळगावला न्यायला आल्या. त्याच सुमारास माझी मेहकर तालुक्यात बदली झाली होती आणि गोष्टींचं पुस्तकही निघायचं होतं. सामान टेम्पोत चढत असताना मी मास्तरांना गाठलं. ती गोष्ट पुस्तकातून काढते, नाहीतर बदलते, त्यातल्या बापाला पळू देत नाही, असं म्हणाले. ते टेम्पोभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"नको. पळालेला बाप बी कोनाचा तरी असनच. त्याले राहू दे तथी. माही अलग लिहजो."

मी हो म्हणाले. ते गेल्या पौषात वारले, तोवर ती लिहून झाली नव्हती. चार वेळा सुरुवात केली. दर वेळी पाठवणीशी येऊन हात थांबतो. मिटलेल्या डोळ्यांच्या आत काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

पुस्तक निघाल्यावर एक प्रत मी सुनंदाताईंना नेऊन दिली होती. परवा पिंपळगाव राजावरून जाताना त्यांच्याकडे थांबले. त्या शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत मशीन, दोरीवर ब्लाउज टांगलेले, काकू कोपऱ्यात वाटाणे सोलत बसलेल्या. चहा झाल्यावर सुनंदाताईंनी फळीवरून पुस्तक काढलं. सगळ्या गोष्टी वाचल्या म्हणाल्या, एक सोडून. पुस्तक माझ्या हातात दिलं. त्या गोष्टीची पानं त्यांनी कडेनं शिवून टाकली होती, पांढऱ्या दोऱ्यानं, सरळ रेषेत. मी त्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि पुस्तक परत दिलं.

त्यांनी ते फळीवर ठेवलं. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कच्चे टाके हायेत मॅडम. कधी वाटलं त उसवीन."