चोवीस तास गरम पाणी

आईचे डोळे दाखवायला पुण्याला गेलो, तेव्हा दवाखान्याजवळच्या एका स्वस्त लॉजवर उतरलो. काउंटरवरच्या माणसानं नाव, गाव, कशाला आलात, कधी जाणार, सगळं खोदून खोदून विचारलं. त्याच्या मागच्या भिंतीवर पाटी होती : चोवीस तास गरम पाणी. सकाळी नळ सोडला तर नुसता फुस्स आवाज. गरम राहू द्या, गारसुद्धा नाही!

आमची आई आंघोळ करून, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही. मी खाली जाऊन भांडलो. "टँकर येतोय, साहेब," म्हणत त्यानं वर चहा पाठवला. पुन्हा भांडलो, तर पुन्हा चहाच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई कोरड्या ओठांनी खाटेवर बसून होती, आणि समोरच्या दोन्ही कपांवर साय धरली होती.

शेवटी दवाखान्याची वेळ झाली, तशी ती पारोशीच निघाली. काउंटरवरचा हसून म्हणाला, "परत या हं, आजी."

आई थांबली. "तूच ये की बाबा आमच्या बसवकल्याणला. आमी आधी पाणी देताव, मग नाव इचारताव."