मंदाचा गोल

विश्वासदादा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, घरी चहा गाळत होते. फोन ठेवला आणि आधी चहा प्यायले. सख्ख्यासारखा वाढलेला चुलतभाऊ, पेशी आणि कर्करोगाची अनुवंशिकता यांवर हयात घालवलेला शास्त्रज्ञ... डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. महिनाभर त्याच्यावर जे जे छापून आलं ते सगळं वाचलं. ऋषितुल्य काय, निगर्वी काय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण न बोलण्यापायीच आमच्या घरातलं एक माणूस गेलंय, तेव्हा मी बोलणार.

कामाला तो वाघ होता, हे नाकारत नाही. मिरजेच्या प्रयोगशाळेत तो गाठींमधल्या पेशी काचेच्या बाटल्यांत वाढवायचा. ठरल्या वेळी त्यांना ताजं पोषक द्रव्य द्यावं लागतं, नाहीतर मरतात. म्हणून सांगलीजवळच्या आमच्या गावी सणाला आला तरी अर्ध्या ताटावरून उठायचा. "पेशी उपाशी राहतील," म्हणायचा. माझी आई कौतुकानं म्हणायची, "लेकरावानी जपतोय बघ." तेव्हा आम्हाला हसू यायचं. आता चीड येते.

आमची आजी आणि दोन आत्या छातीच्या कर्करोगानं गेलेल्या. दादानं तोच विषय धरला. पंचमीला साऱ्या लेकी माहेरी येतात हे त्यानं बरोबर हेरलं आणि एका नागपंचमीला काचेच्या नळ्यांचा डबा घेऊन हजर झाला. झोके सोडून आम्ही सोप्यात ओळीनं बसलो, मेंदीचे हात पुढे करून. आई म्हणाली, "घे की रं. घरच्या डाक्टरला न्हाई द्यायचं तर कुणाला द्यायचं रगत?" माझी धाकटी बहीण मंदा तेव्हा लग्नाची होती. ती सुईला घाबरली, तर दादा म्हणाला, "मुंगी चावली समज." नळ्यांवर नावं नव्हती, नंबर होते. पुढे मी दोनदा विचारलं, रक्तात काय निघालं? "नावं नसतात गं त्यात, नुसते नंबर," असं सांगून त्यानं विषय संपवला. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, आणि मला ते पटलं, याची आजही लाज वाटते. त्याचा शोधनिबंध परदेशात छापून आला, सांगलीत शाल-श्रीफळ झालं. घरी मंदानंच त्याला ओवाळलं.

मंदाला गाठ लागली तोवर तिच्या पदरात दोन मुलं होती, आणि उशीर झाला होता. दादा रोज दवाखान्यात डबा घेऊन यायचा, तिच्या पायथ्याशी खाली मान घालून बसायचा. आम्हाला वाटायचं, किती जीव आहे याचा. ती गेल्यावर तिच्या डॉक्टरांनी आम्हा उरलेल्या बहिणींना तपासून घ्यायला सांगितलं. माझ्या रक्तात घराण्यातला दोष निघाला. तो रिपोर्ट घेऊन मी मिरजेला दादाकडे गेले, तीच शेवटची भेट. त्यानं कागद हातात घेतला, पण चष्मासुद्धा लावला नाही.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मंदाचं?"

त्यानं कागदाची घडी घालून माझ्यापुढे ठेवली. "तिचंही. सांगितलं असतं तर लग्न झालं असतं का तिचं? बाहेर कळलं असतं तर घरातल्या एका तरी पोरीचं झालं असतं?"

"बिनलग्नाची जगली असती की रे," मी म्हणाले. त्याच्या घरचं पाणीही न पिता उठले.

तेराव्याला वहिनींनी मला त्याच्या टेबलाचे खण आवरायला लावले. तळाशी एक मोठा घडीचा कागद होता... आमचीच वंशावळ. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, नावांच्या जागी नंबर, पण कोण कुणाचं ते रेघांवरून कळत होतं. कोपऱ्यात खुणांचा अर्थ लिहिलेला: दोष आहे पण आजार नाही, तर गोलात ठिपका, आजार झाला की गोल काळा, माणूस गेलं की वरून तिरपी रेघ. माझ्या गोलात ठिपका होता. मंदाचा गोल त्यानं पेन्सिलीनं भरला होता, सावकाश, कडेबाहेर कुठेही न जाता. त्या पेन्सिलीखाली जुन्या शाईचा ठिपका स्वच्छ दिसत होता. माझ्या गोलाखाली एक लहान गोल होता, रिकामा. तो माझ्या लेकीचा, केतकीचा.

वहिनींना सांगून मी तो कागद घरी आणला. माझ्या रिपोर्टचंही केतकीला अजून सांगितलं नव्हतं. केतकीला बघायला रविवारी पाहुणे यायचे होते. आणि खरं सांगते, मनात आलं, ते येऊन जाऊ देत, लग्न ठरू दे, मग निवांत सांगू... कपाट उघडून कागद साड्यांखाली सारलासुद्धा. त्या साड्यांवर हात ठेवला आणि जाणवलं, दादानंही असाच खण लावला असणार. माझ्याच अंगाची शिसारी आली. कागद बाहेर काढला, केतकीला हाक मारली आणि सगळं सांगितलं. तिनं कागद जमिनीवर पसरला. मग म्हणाली, "पाहुण्यांना फोन कर. आधी तपासणी." तिनं मंदाच्या गोलावरून बोट फिरवलं. "मावशीचा नंबर खोड, नाव लिही."

मी प्रत्येकीचा नंबर खोडून नाव लिहिलं. दादाच्या चौकोनावर तिरपी रेघ ओढली, जरा जोरातच. लहान गोलापाशी आले तेव्हा केतकीनं माझ्या हातातलं पेन घेतलं.

"माझं मी लिहिते," ती म्हणाली.