लाकडं सोडून पत्रं मागितली

जी गोष्ट कुणाला सांगायची नसते, ती त्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेसाठी सांगत. चुगली हे पाप, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण प्रार्थनेच्या विषयाला पाप कोण म्हणेल? या वाटेने आजवर कित्येक मोडलेली लग्नं, जावयांच्या बाटल्या आणि सासू-सुनांची भांडणं डोळे मिटून बसलेल्या लोकांच्या कानांपर्यंत बिनबोभाट पोचली होती.

त्या रविवारी चष्मेवाला नेहमीप्रमाणे विषय सांगायला उभा राहिला. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि मंडळीचा सेक्रेटरीही तोच होता. पेटी वाजवणाऱ्या बाईंचा गुडघा झाला, पाळकसाहेबांच्या भाचीचं बाळंतपण झालं, आणि त्याच ओघात तो म्हणून गेला, की आमच्या भाऊजींच्या मागे सरकारी चौकशी लागली आहे, प्रभूने त्यांनाही सांभाळावं. ही गोष्ट भाऊजींच्या बायकोने, म्हणजे त्याच्या ताईने, आदल्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता, कुठे बोलू नकोस असं बजावून त्याच्या कानावर घातली होती. आता तो कुठे बोलला होता? त्याने तर प्रार्थना केली होती. त्या दिवशी ‘आमेन’ जरा जास्तच जोरात झालं. चष्मेवाल्याने डोळे उघडले तेव्हा समोर ताईचे डोळे होते, आणि आपले पुन्हा मिटून घ्यावेत असं त्याला मनापासून वाटलं.

भाऊजींना मंडळीत सगळे सुतार म्हणत. ते सुतार नव्हते, एका सरकारी संस्थेत हवामानाचे संशोधक होते. पण दिवसभर पॉलिशपेपरने लाकूड घासणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? डोंगरावरच्या थंड रानात जाऊन जुन्या झाडांना ते पोकळ गिरमिटाने भोक पाडत आणि पेन्सिलीएवढी कांडी बाहेर काढत. झाडाला चिमटा काढावा, इतकंच. मग ती कांडी पट्टीवर चिकटवायची, काचेसारखी होईपर्यंत घासायची आणि भिंगाखाली धरून एकेक वर्तुळ मोजायचं. जाड वर्तुळ म्हणजे उबेचं वर्ष, बारीक म्हणजे गारठ्याचं. घरी येत तेव्हा भुवयांतसुद्धा भुसा असे, आणि ताई त्यांना दारातच पायपुसण्यासारखं झटकून आत घेई. ‘सुतारकी हा आपल्या प्रभू येशूच्या घरचाच धंदा आहे,’ असं ते म्हणत, पण इतक्या सपाट आवाजात, की विनोद झाला हे समोरच्याला घरी गेल्यावर कळे.

त्याच सपाट आवाजात ते दर रविवारी उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचत. महापुराचा पाठ त्यांच्या तोंडून ऐकताना नळाला पाणी येणार नाही अशी सूचना चालू आहे असं वाटे. पोरं झोपत. पण हे वाचन म्हणजे त्यांचा जीव होता. बाकी कुठल्या पदाला त्यांनी कधी हात लावला नाही.

गडबड वर्तुळांनी केली. हल्लीचं ऊन मागच्या कुठल्याच उन्हासारखं नाही आणि त्यात माणसाच्या धुराचा हात आहे, असं भाऊजींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी लिहिलं. ते वरच्या लोकांना झोंबलं. पुढाऱ्यांची समिती बसली आणि समितीने भाऊजींनी सोबत्यांना लिहिलेली आजवरची सगळी पत्रं मागवली. लाकडं कोणी मागितली नाहीत. त्या पत्रांत काय होतं? थट्टा होती, अधिकाऱ्यांच्या नकला होत्या, आणि ‘या डोंगरावरची वर्तुळं मला पटत नाहीत, पुन्हा बघू’ अशा शंका होत्या. शंका घेणं हा त्यांचा रोजचा धंदा. समितीने तीच शंका चोराच्या मनातलं चांदणं ठरवायला घेतली.

आता हे मंडळीला कळल्यावर उपासनेनंतरच्या चहात दोन तट पडले. ऋतू चालू राहतील असा शब्द देवाने दिला आहे, त्यात सुताराने नाक का खुपसावं, असं एक तट म्हणे. देवाने आदामाला बाग राखायला दिली होती, ओरबाडायला नव्हे, असं पाळकबाई म्हणत आणि दुसऱ्या तटाला जास्तीचं बिस्कीट देत. पाळकसाहेब दोन्हीकडे मान हलवत.

मंडळीच्या पंचांतले जुने हेडमास्तर मात्र हलत नव्हते. त्यांचा जावई समितीच्या अध्यक्षाचा उजवा हात होता. त्यांनी चष्मेवाल्याला बाजूला घेतलं. पुढच्या रविवारी सुताराने पाठाआधी एकच वाक्य बोलावं: हवा देवाच्या हाती आहे, माणसाच्या करणीने ती बदलत नाही, माझी चूक झाली. पेपरवाला बातमी घ्यायला हजर असेल, पुढचं जावई बघेल. नाही बोलला, तर संस्थेतल्या खोलीला कुलूप आणि वाचनाला दुसरा माणूस.

आपल्या जिभेचं पाप धुवायची संधी मिळाली, या आनंदात चष्मेवाला थेट भाऊजींच्या खोलीवर गेला. ते एक कांडी घासत होते. त्याने निरोप सांगितला, वर ताईचा विचार करा म्हणाला. ते घासत राहिले. शेवटी कांडीवर फुंकर मारून त्यांनी विचारलं,

“तुझी ताई काय म्हणते?”

ताई काहीच म्हणत नव्हती. ती दोन दिवस नुसती कपाटं आवरत होती.

“मग तूही म्हणू नकोस,” असं म्हणून त्यांनी दुसरी कांडी घेतली.

रविवारी भाऊजी उभे राहिले तेव्हा खोकलासुद्धा थांबला होता. पेपरवाल्याने पेन उघडलं. भाऊजींनी चष्मा पुसला, पाठ काढला आणि वाचला. नेहमीसारखाच, सपाट. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मग जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी पोरंदेखील झोपली नाहीत.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. खोलीला कुलूप लागलं. कांड्यांचे खोके तळघरात गेले. तिथली भिंत पाझरते, हे सांगायला भाऊजी दोनदा गेले, दोन्ही वेळा पहारेकऱ्याने त्यांना प्रेमाने चहा पाजून परत पाठवलं. शास्त्रपाठ आता एक कॉलेजातली मुलगी वाचते. चांगलं वाचते, थांबते, डोळे वर उचलते. भाऊजी शेवटच्या बाकावर बसून ऐकतात. त्यांच्या भुवया आता स्वच्छ असतात, आणि दारात झटकायला काही उरलं नाही म्हणून ताई त्यांची कॉलर उगाचच सारखी करते.

परवा उपासना सुटल्यावर चष्मेवाला त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेला. फाटकाशी त्याला राहवलं नाही.

“एकच वाक्य तर होतं, भाऊजी. बोलून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?”

भाऊजींनी कडी काढली.

“खोटं बोलायला तुला चर्चच सापडलं का रे?”